सहाव्या रांगेतलं हसू

तालमीत कपाटाकडे पाठ करून बँकवालीने समोरच्या खुर्चीला ते वाक्य ऐकवलं, आणि सहाव्या रांगेतून हसू आलं नाही. बँकवाली थांबून राहिली. दिवसभर काउंटरवर माणसांची रांग हाकणारी बाई, उगाच थांबणं तिच्या रक्तात नाही. पण हशासाठी थांबायचं असतं हे तिला इथे घोटून घोटून शिकवलेलं, म्हणून हात तसाच कमरेवर आणि हनुवटी तशीच वर धरून ती थांबली. कपाटात दातांचे डॉक्टर थांबले. प्लायवुडच्या कपाटात उभ्या असलेल्या माणसाचं थांबणंसुद्धा ऐकू येतं. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, ती तेवढी थांबली नाही. मग पहिल्या रांगेतल्या दिग्दर्शकाने मान मागे वळवली. "मावशी? डोळा लागला का?" "नाही रे," सहाव्या रांगेतून ती म्हणाली, "सुई टोचली." सुई कुठली टोचतेय! बोटात अंगुस्तान होतं, आणि चौतीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला सुई टोचत नाही, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. तिने मांडीवरच्या झग्याकडे पाहिलं. लेसच्या कॉलरला घातलेला शेवटचा टाका भलत्याच जागी पडला होता.

आता देव प्रत्येकाला काहीतरी देऊन पाठवतो. कुणाला गळा देतो, कुणाला डोकं, कुणाला नुसतंच नशीब. तिला त्याने हात दिला होता आणि हात देऊन झाल्यावर पिशवीत काही उरलंय का बघून वर हसू दिलं होतं. ते काही मंजुळ वगैरे नव्हतं. आधी नाकातून फुस्स असा एक आवाज, मग घशात कुणीतरी जिना चढतंय असं, आणि मग जे काय यायचं ते एकदम. तिच्या आईने त्या हसण्यापायी तिला लहानपणी चिमटे काढले होते. पण चौदा वर्षांपूर्वी या हौशी नाटकमंडळीचे कपडे शिवायला ती तालमीत येऊन बसली, एका वाक्याला हसली, आणि तेव्हा पोरसवदा असलेला दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभाच राहिला. तालमीत विनोद मरतो तो खुर्च्यांमुळे; खुर्च्या हसत नाहीत. नट बिचारे वाक्यावर वाक्य टाकत जातात, आणि प्रयोगात लोक हसायला लागले की पुढची चार वाक्यं त्या हशाखाली चिरडून जातात. तेव्हापासून ती जिथे हसेल तिथे संहितेच्या समासात 'मा' अशी खूण आणि पुढे आकडा. मा दोन, मा तीन. नटांनी मनात तितके मोजायचे आणि मग पुढचं बोलायचं. एकदा मा सात पडलं होतं, तेव्हा सगळ्यांनी उठून चहाच घेतला. आणि जिथे लेखकाला विनोद वाटतोय पण मावशी हसत नाही, तिथे तांबडी पेन्सिल. अट एकच होती, मावशीने संहिता वाचायची नाही. वाचून आलेलं हसू शिळं.

यंदा एका तिकिटात दोन नाटकं होती, दोन्ही इंग्रजांची जुनी प्रहसनं, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. पहिल्यात एक हरवलेली हॅट, दोन मेव्हणे आणि सोयीप्रमाणे बहिरी होणारी आत्या. दुसऱ्यात एक बाई, तिच्याकडे चहाला आलेला तिचा जुना चाहता, आणि कपाटात लपून अडकून बसलेला नवरा. बाईला वाटतं, नवरा त्या उंच पाठीच्या खुर्चीत रुसून बसलाय; म्हणून ती खुर्चीच्या पाठीशी तासभर भांडते. दोन्हींचं मराठी रूप तिच्याच नवऱ्याने केलेलं. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, निवृत्त झाल्यावर स्वतःच्या करायला घेतल्या, असं तोच म्हणायचा. पहिलं नाटक त्याने तीन वर्षांपूर्वी केलं होतं, पान पान तिला वाचून दाखवत, ती शिवणयंत्रावर आणि तो पलंगाच्या कडेला. दुसरं यंदा, पाय प्लास्टरमध्ये असताना. वरच्या फळीवरचा शब्दकोश काढायला स्टुलावर चढला होता आणि हवा तो शब्द सापडायच्या आत जमीन सापडली. तर हे दुसरं नाटक त्याने तिला वाचून दाखवलं नाही. पाकीट चिकटवून दिलं. "तू तिथेच ऐक," म्हणाला. "हसू ताजं राहील."

आणि तिथे तिने काय ऐकलं, तर बँकवाली खुर्चीच्या पाठीला म्हणतेय, "तुम्ही गप्प बसलात ना, की मला घरात दोन कपाटं आहेत असं वाटतं."

हे वाक्य जगात दोनच माणसांना माहीत होतं. ते इंग्रजाने लिहिलेलं असणं शक्य नव्हतं. ते तिने म्हटलं होतं, सव्वीस वर्षांपूर्वी, एका खोलीच्या घरात, ज्यात खरोखरच एक कपाट होतं आणि त्याचा उजवा दरवाजा कागदाची घडी घातल्याशिवाय बंद होत नसे. मुलगी अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी घरात पुन्हा दोघंच होती, आणि नंतर तो जो गप्प झाला तो झालाच. रडला नाही, ओरडला नाही, जेवायचं ताट परत केलं नाही. छापखान्यात जायचा, यायचा, पलंगाच्या कडेला बसायचा आणि भिंतीवर जणू कच्चं मुद्रित टांगलंय अशा नजरेने भिंत वाचायचा. तिने पहिले काही दिवस वाट पाहिली, मग रागावून पाहिलं, मग त्याच्या शर्टाच्या बटणांवरून मुद्दाम भांडण काढून पाहिलं. आणि एका दुपारी, हातात कुणाच्या तरी कोटाचं अस्तर होतं, तिच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. कसं निघालं कोण जाणे. विनोद म्हणून तर नव्हेच. म्हणजे, आता तिला नक्की आठवेना. सहाव्या रांगेत बसल्या बसल्या तिच्या अंगावर काटा आला तो या विचाराने की ते वाक्य ऐकताच नाकातून फुस्स हा आवाज निघू लागला होता. हसू अर्ध्या जिन्यापर्यंत चढलं होतं, आणि तिथे त्याला ओळखीचं कुणीतरी भेटलं.

"हे पडलंच म्हणायचं," दिग्दर्शक म्हणाला. "मला वाटलं होतं मा पाच तरी जाईल. काढून टाकू. इथून खालपर्यंत सगळं." तांबडी पेन्सिल कागदावरून सरकल्याचा आवाज तिला सहाव्या रांगेत ऐकू आला. कपाटातून डॉक्टर म्हणाले, "अरे, पण माझं वाक्य?" "तुमचंही गेलं. त्याला तर हशा नव्हताच." "सबंध पानभर उभा राहून एक वाक्य होतं माझं. माझे पेशंटसुद्धा याहून जास्त बोलतात, तोंडात यंत्र असताना." बँकवाली हसली, बाकीचे हसले. ती हसली नाही. डोकं दुखतंय असं सांगून तिने झगा पिशवीत कोंबला आणि निघाली.

घरी जाताना ती नेहमीच्या रस्त्याने गेली नाही, लांबून गेली. औषधाचं दुकान, चाव्या करणारा, काचेमागे ओळीने मांडलेले बिनमुंडक्याचे पुतळे. पुतळ्यांपाशी ती नेहमी थांबून शिवण बघते, आज बघितली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती फार साधी होती. तो तेव्हा तिथे बसून काय करत होता? ती अस्तर हातात घेऊन उभी, छातीत दूध दाटलेलं, ते कुणाला द्यायचं हे देवालाच ठाऊक, आणि हा काय मनातल्या मनात टिपून घेत होता? बरं वाक्य आहे, कुठेतरी उपयोगी पडेल? सव्वीस वर्षं जपून ठेवलं आणि शेवटी एका इंग्रज बाईच्या तोंडी घातलं, लेसच्या कॉलरसकट, तीनशे माणसांनी पोट धरून हसावं म्हणून. आणि ती कॉलर शिवतेय कोण? तिला स्वतःचीच कीव येणार होती, पण तेवढ्यात सिग्नल सुटला.

तो खिडकीपाशी पाय स्टुलावर टाकून बसला होता. तालमीहून ती आली की तो रोज पहिला प्रश्न एकच विचारी, कुठे कुठे हसलीस? आणि ती चपला काढता काढता सांगे, तो वहीत लिहून घेई. आज त्याने विचारलं नाही. चष्मा काढला, पुसला, घातला.

"चहा टाकू का मी?" म्हणाला.

"एका पायावर?"

"एका पायावर लोक नाचतात."

पिशवीतून झगा काढून तिने खुंटीला लावला. कॉलर वाकडी लोंबत होती.

"आज कुठवर आले?"

"कपाटापर्यंत."

"मग?"

"मग काय? काढलं. तांबडी पेन्सिल." ती वळली. "अहो, जगात दुसरं काही सापडलं नाही तुम्हाला? माझंच नेलंत? आणि तेच?"

त्याने तोंड उघडलं. त्याच्या तोंडाचा हा आकार तिला पाठ होता. वाक्य ओठांपर्यंत येतं, तिथे त्यात एक चूक सापडते, आणि माणूस पूर्ण मजकूर परत पाठवतो. "दोन्ही काढली?" त्याने विचारलं.

"दोन्ही म्हणजे?"

"माझं... म्हणजे त्याचं. त्या कपाटातल्याचं. तेही?"

"सगळं पानच गेलं."

"असं," तो म्हणाला. आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. तिला वाटलं, एवढी पस्तीस वर्षं संसार केला, दोनदा घर बदललं, याचे केस गेले, माझे गुडघे गेले, पण ती भिंत काही याने वाचून संपवली नाही. तिने उलटून उत्तर द्यावं असं तो काही बोलतच नव्हता. हाच तर सगळा वैताग. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो. ती यंत्रावर बसली आणि नको असलेली एक लांबलचक टीप मारली, नुसत्या आवाजासाठी.

दुसऱ्या दिवशी ती गेली, कारण कपडे होते. माणूस रुसतो, पण काज-बटणांनी रुसून भागत नाही. डॉक्टरांचा कोट काखेत काचत होता. तिने त्यांना आरशासमोर उभं केलं, दंडाखाली खडूने रेघ ओढली, कोट काढून घेतला आणि शिवण उसवायच्या आधी सवयीने खिसे रिकामे केले. एक रुमाल, पेपरमिंटची गोळी, आणि चार घड्या घातलेला कागद. डॉक्टर तेवढ्यात फोनवर कुणाला तरी, "दाढ काढून टाकल्यावर दुखते ती दाढ नव्हे, बाई, ती आठवण," असं समजावत बाहेर गेले. कागदावर तांबडी फुली होती. तिने चौदा वर्षांत संहितेचं एक पान उघडलं नव्हतं. देवा, क्षमा कर, असं म्हणून तिने घडी मोडली.

वर तिचं वाक्य होतं. जशाच्या तसं, त्यातला 'ना'सुद्धा त्याने गाळला नव्हता. त्याखाली नाटकातल्या नवऱ्याचं, कपाटातून: "दोन नाहीत गं. एकच आहे. आत मी आहे." आणि त्याखाली कंसात, त्याच्या त्या बारीक, सरळ, कुणाच्याही चुकीवर न चिडणाऱ्या अक्षरात: तिला ऐकू जात नाही.

तिने ते एकदा वाचलं, मग सुईत दोरा ओवताना धरतात तसं डोळ्यांजवळ धरून वाचलं. तिला ऐकू जात नाही. हे इंग्रजाचं की याचं? त्या दुपारी ती पुढे काय करत होती? अस्तर घेऊन ती यंत्रावर बसली होती. हो, बसली होती, आणि पायाने असं पायंडल मारलं होतं की खालच्या मजल्यावरची बाई काठीने छत ठोकायला लागली. त्या आवाजात कुणी काही बोललं असेल का? तिने मान वर केली होती का? तिला त्याची पाठ आठवली, पलंगाची कड आठवली, कपाटाच्या दारातली कागदाची घडी आठवली, पण त्याचं तोंड काही केल्या आठवेना. सव्वीस वर्षं ती ज्या गप्प बसण्याला धरून होती, त्यात कुठेतरी चार शब्द असतील, अगदी हळू उच्चारलेले, आणि ते तिच्याच यंत्राखाली गेले असतील. किंवा नसतीलही. किंवा त्याला आज सुचले असतील, पाय मोडून एका जागी बसल्यावर. तेही चालेल, असं तिला वाटलं, आणि आपल्याला ते चालतंय याचंच तिला इतकं नवल वाटलं की तिने डॉक्टरांच्या कोटात तोंड खुपसलं. कोटाला लवंगेच्या तेलाचा वास होता.

"हे पान परत घे," ती दिग्दर्शकाला म्हणाली.

"मावशी! संहिता वाचलीत?"

"वाचली. पाप लागलं. पान परत घे."

"अहो, पण तुम्हीच हसला नाहीत. मी काय माझ्या मनाने काढलं? बरं, पहिलं वाक्य ठेवतो. त्यात दम आहे. पण डॉक्टरांचं? हशा नाही, टाळी नाही. चांगला चढलेला हशा थंड करायचा आणि वर काही द्यायचं नाही, असं कुणी करतं का?"

"करून तर बघ एकदा."

दिग्दर्शक तसा भला माणूस. त्याने सगळ्यांना उभं केलं. डॉक्टर कोटाविना कपाटात शिरले. बँकवालीने हात कमरेवर ठेवला आणि वाक्य फेकलं, खणखणीत, शेजारणीला ऐकवावं तसं. सहाव्या रांगेत ती उठून उभी राहिली. "असं नाही गं बाळ. तू त्याला घालवून द्यायला बोलत नाहीयेस." "मग?" "बोलवायला बोलतेयस." बँकवालीने हात कमरेवरून काढला. तो कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून तो खुर्चीच्या पाठीवर गेला. ती पुन्हा म्हणाली. मावशी हसली, नाक, जिना, सगळं. आणि मग कपाटातून, प्लायवुडमागून, दबलेलं, डॉक्टरांचं वाक्य आलं. दिग्दर्शक पेन्सिल हातात घेऊन मागे बघत होता.

"वरच्या वाक्याला मा पाच लिही," ती म्हणाली. "हशा ओसरल्यावर इथे पुन्हा मा लिही. आकडा लिहू नकोस."

"आकडा नाही? मग डॉक्टरांनी मोजायचं किती?"

"मोजायचं नाही. त्यांना बोलवेल तेव्हा बोलायचं."

"मला आताच बोलवतंय," कपाटातून आवाज आला. "आत फार गरम होतं."

घरी तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगायला गेली असती तर त्याने पुन्हा चष्मा पुसला असता. तिने फक्त एवढंच म्हटलं, की रविवारी चारचा प्रयोग आहे, रांगेच्या कडेची खुर्ची सांगून ठेवलीय, पाय लांब करता येईल. "मी कशाला?" तो म्हणाला. "मी नसतो कधी प्रयोगाला. छापून झालेलं मी वाचत नाही. चुका दिसतात." "दिसू देत," ती म्हणाली. तिने त्याचा एकुलता एक चांगला कोट काढला, डाव्या बाहीचं अस्तर सुटलं होतं ते आतून, बाहेर दिसणार नाही असं, शिवून टाकलं.

रविवारी सभागृह भरलं. सहाव्या रांगेच्या कडेला तो, प्लास्टरचा पाय वाटेत, येणारा-जाणारा त्याला ओलांडून जाताना माफी मागत होता आणि तोही प्रत्येकाची उलट मागत होता. पहिलं प्रहसन उडत गेलं. हॅट सापडली, आत्याला ऐकू यायला लागलं, लोक खूश. मधल्या सुट्टीत तो उठला नाही. दुसऱ्याचा पडदा वर गेला आणि कपाट दिसलं, तसं त्याने कुबडी मांडीवर आडवी घेऊन दोन्ही हातांनी धरली. तिच्या लक्षात आलं, याला वाटतंय ते पान नाही. तिने सांगितलंच नव्हतं. सांगायचं का आता? पण नाटकात बोलायचं नसतं. चौदा वर्षांत विंगेतसुद्धा ती कधी कुजबुजली नव्हती. बँकवाली खुर्चीकडे वळली. हात खुर्चीच्या पाठीवर आला.

"तुम्ही गप्प बसलात ना, की मला घरात दोन कपाटं आहेत असं वाटतं."

छत उडालं. तीनशे माणसं एकदम, बायका जरा जास्तच. आपल्या आपल्या कपाटाकडे बघून कोपर मारत होत्या. त्या सगळ्या हसण्यात तिला लाज वाटेल असं तिला वाटलं होतं, वाटली नाही. एवढ्या घरांत, तिला वाटलं, एवढ्या घरांत. हशा ओसरला. डॉक्टर बोलले नाहीत. मोजायचं नाही म्हणून सांगितलेलं. ते आत उभे होते, आणि बाहेर शांतता वाढत चालली होती, एक खोकला, एक खुर्ची, मग तेही नाही. शेजारी तो खुर्चीत पुढे सरकला. त्याला ती बिनआकड्याची खूण ठाऊकच नव्हती. त्याला वाटलं ते एवढंच, की नट वाक्य विसरला, किंवा मधूनच अर्धं गाळलंय, वर ठेवून खालचं काढलंय, आणि आता ते कधीच कुणी म्हणणार नाही. जन्मभर गाळलेले शब्द समासात भरणारा माणूस तो. तो तिच्याकडे वळला. त्याचं तोंड उघडलं, आणि या वेळेला ते मिटलं नाही.

"दोन नाहीत गं," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, आणि म्हातारा, आणि वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ मोठा. "एकच आहे. आत मी आहे. मी तेव्हाही..."

पाचव्या रांगेतला एक गृहस्थ वैतागून मागे वळला. "शू! अहो काका, गप्प बसा ना. नाटक चाललंय."

तिने वाकून त्या गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "बोलू द्या त्यांना."